कांदा ऐकावा, लसूण हुंगावा

‘कांदा सोनेरी होईपर्यंत परतावा’ हे वाक्य पाककृतींत हमखास असते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना त्याचा काहीच उपयोग नसतो. इजिप्तमधील एखादी दृष्टिहीन गृहिणी आपल्या आईआजीचे पदार्थ इंटरनेटवरून शिकवू लागते, तेव्हा तिला ते आवाज, वास आणि स्पर्श यांच्या आधारे नव्याने सांगावे लागते. माझ्या मते अशी पाककृती डोळसांनाही अधिक उपयोगी पडते, कारण भांड्यात त्या क्षणी काय घडत आहे, हे ती सांगते.

भात, मसूर, मॅकरोनी आणि टोमॅटोचा रस्सा यांच्या ‘कोशरी’ या इजिप्शियन पदार्थावर कुरकुरीत कांदा हवाच. कांद्यात सुमारे 89 टक्के पाणी असते. गरम तेलात त्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात, तीच चरचर. पाणी बाहेर पडत असते तोवर कापाचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच अडून राहते, आणि 1912 मध्ये लुई कामिय माय्यार यांनी वर्णन केलेली, अमिनो आम्ले व शर्करा यांच्यातील खमंगपणा आणणारी अभिक्रिया साधारण 140 अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणून चरचर मंदावली की पाणी संपत आले आणि कांदा आता झपाट्याने तांबूस होणार, हे कानाला आधी कळते. तो लगेच उपसावा, कारण बाहेर काढल्यावरही तो काही काळ आतल्या उष्णतेने भाजत राहतो.

मंद आचेवर रात्रभर शिजणाऱ्या ‘फूल मुदम्मस’ या फावा बीन्सच्या पदार्थाची परीक्षा बोटांची. दाणा चिमटीत सहज दबला, तर पेशींना सांधणारे पेक्टिन विरघळले असे समजावे. दृष्टी गेल्यावर इतर इंद्रिये आपोआप तीक्ष्ण होतात, हा समज मात्र सरसकट खरा नाही. त्यामागे मोठा सराव असतो. लहानपणीच दृष्टी गेलेल्या ब्रेल वाचकांच्या मेंदूतील दृष्टीचे क्षेत्र स्पर्शाच्या कामी येते, असे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते.

खरी कसोटी मुलूखियाची. ज्यूट देणाऱ्या एका वनस्पतीची ही पाने बारीक चिरून उकळत्या रश्श्यात घालतात. त्यांच्यातील बुळबुळीत बहुशर्करा रश्श्याला दाट करतात आणि पानांचा चुरा तरंगता ठेवतात. मात्र फार उकळले, तर चुरा तळाशी बसतो आणि वर पाणी सुटते. वर पळी हलकी आणि तळाशी जड लागली, तर बिघाड हाताला कळतो. मग तुपात ठेचलेला लसूण आणि धणेपूड घालून ‘तअलिया’ करतात, आपल्या वरून दिलेल्या फोडणीसारखीच. कच्च्या लसणाचा उग्र दर्प जाऊन गोडसर खमंग वास येणे आणि तो करपून कडू होणे, यांत काही क्षणांचेच अंतर असते, आणि इथे नाकावरच भिस्त ठेवावी लागते.

तअलिया रश्श्यात ओतताना स्वयंपाक करणारीने मोठ्याने श्वास आत ओढण्याची प्रथा आहे. तिला ‘शहका’ म्हणतात. त्याच वेळी भांड्यातून चर्र असा आवाज यायला हवा. पाण्याच्या उत्कलनबिंदूहून बरेच गरम तूप रश्श्याला भिडले, तरच पाण्याची क्षणात वाफ होऊन तो उठतो. तूप मुकाट्याने रश्श्यात उतरले, तर ते वाटेतच निवलेले असते.