काळ्या पाषाणाखालचा जुना वाद : हट्टी-मस्की पट्ट्याच्या नकाशाची पार्श्वभूमी

विहीर खणताना आधी मुरूम, मग काळा पाषाण, पुन्हा मुरूम, एवढाच खडकांचा क्रम मराठवाड्यात बहुतेकांना ठाऊक असतो, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने त्याखालचे सारे झाकून टाकले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि गाळाचा जेमतेम आठ मीटरांचा थर ओलांडताच आर्कियन काळातला, म्हणजे अडीचशे कोटी वर्षांहून जुना, स्फटिकी पायाखडक लागला. हाच प्राचीन पाया देगलूर-बिलोलीकडे उघडा पडतो आणि दक्षिणेस रायचूर जिल्ह्यात तर त्यावर लाव्ह्याचे झाकणच नाही. हट्टी-मस्कीचा सोने देणारा हरिताश्म पट्टा, म्हणजे रूपांतर होऊन हिरवट झालेल्या प्राचीन लाव्ह्याचा पट्टा, तेथलाच. १९५६ पर्यंत रायचूर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणून हा इतिहास आपल्याला तसा परका नाही.

हट्टीला सोने आहे हे भूवैज्ञानिकांनी शोधले, असे म्हणता येणार नाही. आगीने खडक तापवून फोडणाऱ्या जुन्या खाणकऱ्यांनी तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच खोलवर मजल मारली होती. मस्कीचा अशोकाचा शिलालेखही १९१५ मध्ये सापडला तो सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला. राजाचे ‘अशोक’ हे नाव त्यातच प्रथम वाचले गेले.

भूवैज्ञानिकांचे काम होते ते थरांचा क्रम लावण्याचे, आणि वाद पेटला तो तिथेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८० च्या दशकात दक्षिणेतले हट्टी-मस्कीसारखे सुभाजांचे, म्हणजे पापुद्र्यांनी फुटणाऱ्या रूपांतरित खडकांचे (शिस्ट), पट्टे एकत्र करून त्यांना ‘धारवाड’ हे नाव दिले आणि ते पट्टिताश्मांवर, म्हणजे फिकट-गडद पट्ट्यांच्या रूपांतरित खडकांवर (नाइस), नंतर साचलेले, म्हणजे वयाने लहान आहेत, असे मानले. पुढे म्हैसूरच्या भूविज्ञान खात्याचे स्मीथ यांनी नेमके उलट मत मांडले : पट्टिताश्म हेच धारवाडी खडकांत घुसलेले, म्हणून नंतरचे. दोघांनाही पुरावा होता. १९७० च्या दशकानंतर स्वामिनाथ आणि रामकृष्णन यांच्या मांडणीत जुना सरगूर आणि नवा धारवाड असे दोन गट वेगळे काढले गेले, तेव्हा या परस्परविरोधी निरीक्षणांची बरीचशी संगती लागली.

असा वाद इतका लांबतो, कारण हे थर आडवे राहिलेले नाहीत. घड्या पडून ते जवळजवळ उभे झाले आहेत आणि काही ठिकाणी उलटलेही आहेत, त्यामुळे वर दिसणारा थर नंतरचाच असेल याची शाश्वती नसते. अशा वेळी पाण्याखाली थिजलेल्या लाव्ह्याच्या उशांसारख्या लोळ्यांकडे पाहावे लागते : त्यांची फुगीर बाजू मूळची वरची, तर दोन लोळ्यांच्या बेचक्यात शिरलेले निमुळते टोक मूळचे खालचे. क्लोराइटासारख्या खनिजांनी हिरवट झालेल्या आणि दाबाने चपट्या झालेल्या खडकात अशी खूण शाबूत सापडणे हेच मोठे भाग्य. होकायंत्राने नती (थराचा उतार) आणि नतिलंब (उताराला काटकोनात असलेली थराची आडवी दिशा) मोजून असे शेकडो बिंदू जोडले, की मगच नकाशावर घडीचा आकार दिसू लागतो.

सोन्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण सोने सगळ्या थरांत सारखे पसरलेले नसून खडक जेथे घासला-कातरला गेला त्या पट्ट्यांतल्या गारेच्या शिरांत आणि त्यांच्या आजूबाजूला साठलेले असते. १९४७ मध्ये ‘हैदराबाद गोल्ड माइन्स’ म्हणून स्थापन झालेली कंपनी राज्यपुनर्रचनेनंतर हट्टीच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि २००१ मध्ये कोलारची सोन्याची खाण बंद झाल्यावर देशाच्या खाणीतल्या सोन्याचा मुख्य भार हट्टीवरच आला.

किल्लारीच्या छिद्रावरून मात्र मराठवाड्याखालच्या सोन्याचे मनोरे रचू नयेत. एका छिद्रातून खडकाची जात कळते, घडी कळत नाही. बेसाल्टाखालच्या रचनेचा अंदाज गुरुत्व आणि चुंबकीय मोजणीवरूनच बांधावा लागतो.