कॉकटेलच्या चित्रातला पांढरा: सोडलेला आणि लावलेला

मेन्यूसाठी जलरंगात कॉकटेल रंगवायचं म्हणजे अर्धं काम काचेचं असतं, आणि काच दिसते ती पांढऱ्यामुळे. ग्लासच्या काठाची रेघ, बर्फाचा कोपरा, बाहेर जमलेले थेंब, काठावरचं मीठ, या सगळ्या जागी शेवटी पांढरं दिसावं लागतं. जलरंगात हा पांढरा दोन रीतींनी येतो. एक तर तेवढा कागद कोरा सोडायचा, ब्रश त्याच्या कडेने फिरवून किंवा मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या पातळ रबराने) झाकून. नाहीतर चित्र वाळल्यावर वरून पांढरा गौश (अपारदर्शक जलरंग), पांढरी शाई किंवा जेल पेन लावायचं. हातभर अंतरावरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरला जातो. मग बर्फ खडूचा वाटतो आणि थेंब कातरून चिकटवल्यासारखे दिसतात.

फरक प्रकाशाच्या वाटेत आहे. पारदर्शक जलरंगात प्रकाश रंगाच्या थरातून कागदापर्यंत जातो आणि तिथून परत येतो. कांपारी या कडवट मद्याचा लाल आतून पेटल्यासारखा दिसतो तो यामुळेच. सोडलेला पांढरा म्हणजे तोच कागद, मध्ये कुठलाही थर नसलेला. म्हणून तो पेयाच्या आतला उजेड वाटतो. लावलेला पांढरा रंगाच्या वर बसतो आणि डोळ्यालाही तो वरच बसलेला जाणवतो. त्यावरून कामाची वाटणी सरळ होते. उजेड पेयातून किंवा बर्फातून येत असेल तर कागद सोडा. एखादी गोष्ट काचेच्या बाहेर चिकटलेली असेल तर पांढरा लावा. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

सोडलेल्या पांढऱ्याची तयारी पेन्सिलीच्या रेखाटनातच करावी लागते, कारण रंग एकदा पसरला की कोरा कागद परत मिळत नाही. मोठ्या जागा, उदाहरणार्थ रॉक्स ग्लासवर (बुटक्या, रुंद ग्लासवर) पडलेलं खिडकीचं उभं प्रतिबिंब, ब्रशनेच वगळाव्यात. तिथे कड एका बाजूला तीक्ष्ण आणि दुसरीकडे विरत गेलेली हवी असते, आणि फ्लुइड चारही बाजूंनी सारखीच कडक कड देतं. बारीक जागांसाठी मात्र फ्लुइडला पर्याय नाही. ते पातळ रबर असतं, म्हणून बाटली हलवायची नाही. हलवली की बुडबुडे येतात आणि वाळताना तिथे भोकं पडून रंग आत शिरतो. चांगला ब्रश त्यात घालू नका. जुना सिंथेटिक ब्रश आधी भांड्यांच्या लिक्विड सोपमध्ये बुडवून पुसा, मग फ्लुइडमध्ये घाला. नाहीतर रबर केसांत सुकतं आणि पाण्याने निघत नाही. काठासारख्या बारीक रेघेला ड्राफ्टिंगचं रूलिंग पेन सर्वांत चांगलं, ठिपक्यांना टूथपिक.

कागद पूर्ण कोरडा हवा. ओलसर कागदात फ्लुइड तंतूंत उतरतं आणि काढताना सालपट निघतं. मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी धरतो, त्यामुळे वरून कोरडा वाटला तरी आत ओल असते. तो बंद पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवलेला बरा. हेअर ड्रायरचा मोह आवरा. गरम हवेने रबर कागदाला घट्ट धरतं. रंग पूर्ण वाळला की शक्यतो त्याच दिवशी बोटाने किंवा क्रेप रबराच्या (खोडरबरासारख्या) तुकड्याने ते काढा. आठवडाभर राहिलं तर कागदही सोबत येईल. शंभर टक्के कॉटनचा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागद हे सगळं सोसतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर आधी कोपऱ्यात एक थेंब लावून, वाळवून, काढून पाहा.

बर्फासाठी हे फ्लुइड दोन टप्प्यांत वापरता येतं, आणि तिथेच त्याची खरी ताकद कळते. निग्रोनी या कांपारीच्या लाल कॉकटेलमधला मोठा चौकोनी बर्फ घ्या. पहिल्यांदा फक्त सर्वांत उजळ कडा झाका: पेयाच्या वर आलेला कोपरा आणि त्याच्या लगतची एखादी रेघ. त्यावरून पारदर्शक पिवळ्या-केशरीचा हलका वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) द्या. तो पूर्ण वाळला की बर्फाचे पेयात बुडालेले पृष्ठभाग झाका, म्हणजे हा केशरी त्यांच्या वाट्याला राहील. मग क्विनाक्रिडोन रोज आणि थोडा पिवळा मिसळून दुसरा वॉश, आणि तळाशी व कडांना अलिझारिनमध्ये बर्न्ट सिएना घालून तिसरा. सगळं फ्लुइड काढल्यावर बर्फ तीन पातळ्यांत दिसतो: कोरा, केशरी आणि लाल. बर्फाभोवती बाह्यरेषा काढायची गरजच उरत नाही. एक खबरदारी: रंगावर लावलेलं फ्लुइड निघताना थोडा रंग घेऊन निघतं, म्हणून खालचा वॉश हवा त्यापेक्षा किंचित गडद ठेवा. आणि कॅडमियम रेड इथे नको. तो अपारदर्शक आहे. पेय टोमॅटोच्या रसासारखं दिसतं.

फ्लुइड काढल्यावर काम संपत नाही. कडा जशाच्या तशा ठेवल्या तर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. ओलसर, भिजलेला नव्हे, अशा सपाट ब्रशने निम्म्या कडा घासून मऊ करा आणि उरलेल्या कडक ठेवा.

लावलेल्या पांढऱ्यात पहिली चूक होते ती ट्यूब निवडताना. जलरंगाच्या संचातला चायनीज व्हाइट झिंक ऑक्साइडचा असतो. विन्सर अँड न्यूटनने तो १८३४ साली बाजारात आणला. तो अर्धवट झाकतो, त्यामुळे गडद लालवर ठिपका दिला तर वाळल्यावर जवळजवळ दिसेनासा होतो. हायलाइटसाठी टायटॅनियमचा पांढरा गौश हवा. ट्यूबवर पीडब्ल्यू ६ हा रंगद्रव्याचा क्रमांक पाहून घ्या. झिंकचा पीडब्ल्यू ४ असतो.

दुसरी चूक पाण्याची. पातळ पांढरा गडद रंगावर पसरला की निळसर, राखी दिसतो, कारण विरळ पांढरे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. व्हिस्कीच्या सोनेरी रंगावर हा निळसर डाग फार वाईट दिसतो. ट्यूबमधून ताजा काढलेला रंग दाट सायीइतका घट्ट ठेवा आणि ब्रशच्या टोकावर घेऊन एकदाच टेकवा. घासला तर खालचा रंग ओला होऊन वर येतो आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो. क्विनाक्रिडोन किंवा थॅलोसारखे कागदात मुरणारे रंग कमी उठतात. ऑपेरा पिंकसारख्या फ्लुरोसंट गुलाबीवर मात्र पांढरा टिकत नाही, त्यातला डाय वर झिरपत राहतो. तिथे कागद सोडणं हाच उपाय.

पातळ पांढऱ्याचा निळसरपणा एका ठिकाणी मात्र हवाहवासा असतो. साध्या फ्रीजमधल्या बर्फाच्या मध्यभागी जो दुधी ढग असतो, तो पातळ गौशच्या एका फटकाऱ्यात अगदी नेमका उतरतो.

थंडगार ग्लासवरचे थेंब रंगवताना निम्मे लोक नुसते पांढरे ठिपके देतात आणि ग्लासवर चुना उडाल्यासारखं दिसतं. थेंबाची उजेडाकडची बाजू आतून गडद असते आणि विरुद्ध बाजू उजळ, कारण त्यातून गेलेला प्रकाश तिकडे गोळा होतो. म्हणून आधी पेयाच्याच रंगाच्या गडद छटेने उजेडाकडच्या बाजूला चंद्रकोर काढा, विरुद्ध बाजूचा रंग ओल्या ब्रशने उचला, तिच्या बाहेर सावलीची बारीक रेघ द्या, आणि सर्वांत शेवटी गडद भागात टायटॅनियमचा एकच ठिपका. चार-पाच थेंब असे नीट केले की बाकीचे नुसते सुचवले तरी चालतात.

मार्गारिटाच्या मिठाला दोन्ही लागतात: आधी टूथपिकने फ्लुइडचे अनियमित ठिपके, त्यांवरून फिकट राखी वॉश, फ्लुइड काढलं की काठाबाहेर उडालेले दोन-तीन कण गौशचे. व्हिस्की सावरच्या फेसाला फ्लुइड अजिबात नको. फेस आणि पेय यांची सीमा मऊ असते, ती ओल्या रंगात ओला रंग सोडूनच येते. फेसाची सावली रॉ सिएनात किंचित कोबाल्ट ब्लू घालून द्या. जिन अँड टॉनिकच्या बुडबुड्यांना पांढरं जेल पेन लावू नये, कारण फिकट पेयावर ते दिसतच नाही. त्या बुडबुड्याला गडद कड असते. तीच राखीने काढा.

गोव्यात काजूच्या हंगामात मेन्यूवर येणारं हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, वेगळं वागतं. लिंबू आणि लिम्का घातल्यावर ते ढगाळ होतं, आणि ढगाळ पेयातून प्रकाश आरपार जात नाही. इथे पेयाच्या रंगातच थोडा झिंक व्हाइट मिसळायला हरकत नाही. टायटॅनियम फार जड पडतो. उभी चिरलेली हिरवी मिरची मात्र पारदर्शक रंगात ठेवा आणि तिच्यावरची चकाकी कागद सोडून घ्या. मग ढगाळ पेय मागे जातं, मिरची पुढे येते.

छपाईत हा फरक आणखी एक वळण घेतो. चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसते, म्हणून तुमचे दोन्ही पांढरे अखेर मेन्यूच्या कागदाचाच रंग घेतात. क्रीम रंगाच्या कागदावर सगळेच हायलाइट क्रीम होतील. चित्र ६०० डीपीआयला स्कॅन करून कागदाचा करडेपणा फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये घालवा, पण गौशच्या ठिपक्यांभोवतीच्या फिकट छटा उडणार नाहीत इतपतच. मेन्यू काळ्या किंवा गर्द निळ्या पार्श्वभूमीचा असेल तर ग्लास कापून लावावा लागतो, आणि काचेतला सोडलेला कागद तिथे अपारदर्शक पांढरा पट्टा होऊन बसतो. अशा कामासाठी सुरुवातच गडद कागदावर गौशने करावी, सगळा उजेड लावलेला. म्हणून रेखाटनाआधी मालकाला दोन प्रश्न विचारा: मेन्यूचा कागद कोणत्या रंगाचा, आणि पार्श्वभूमी छापील आहे का.