दगडी आणि चांदी

गाईच्या कासेला सूज येते, कास हाताला गरम लागते, दुधात गाठी पडतात, याला गोठ्यात दगडी म्हणतात आणि डॉक्टर कासदाह किंवा मस्टायटिस. बहुतेक वेळा मागे स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए नाहीतर शेणामातीतून आलेला ई. कोलाय असतो. अँटिबायोटिकला दाद न देणारे जीवाणू वाढतायत म्हणून चांदीच्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) सध्या बरंच संशोधन चालू आहे.

जीवाणू मारण्याचं काम करतात ते चांदीतून ओलाव्यात सुटणारे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले चांदीचे अणू. ते धनभारित असतात, जीवाणूचं आवरण ऋणभारित, त्यामुळे लगेच चिकटतात आणि आत शिरून प्रथिनांमधल्या गंधकाला धरतात, मग श्वसनाची एन्झाइमं बंद पडतात, ऊर्जा तयार होईना, घातक ऑक्सिजन रेणू साचतात, डीएनएचंही नुकसान होतं. ई. कोलायची भिंत पातळ म्हणून तो सहसा लवकर मरतो, ऑरियसची भिंत जाड, शिवाय तो बायोफिल्मचा चिकट थर करून बसतो आणि कासेच्या पेशींच्या आतही लपतो. तरी चांदीचा मार जीवाणूच्या आत एकदम एवढ्या ठिकाणी बसतो म्हणून प्रतिकार येणं अवघड, पण अशक्य नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात भाजलेल्यांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला (चांदीच्या क्षाराला) न जुमानणारा साल्मोनेला हा जीवाणू सापडला होता, त्याची नोंद 1975 ची आहे.

आता खरी अडचण, आणि ही नीट समजून घ्यायला हवी. परीक्षानळीत जे होतं ते कासेत होत नाही कारण मध्ये दूध आहे. केसिन आणि बाकीची प्रथिनं आयन धरून ठेवतात, क्लोराइडशी जुळून न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड बनतं. त्यात दगडीच्या दुधात क्लोराइड आणि सोडियम वाढलेलं असतं (म्हणूनच ते खारट लागतं), म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच चांदी जास्त वाया जाते. डोस वाढवावा तर कासेच्या पेशींना इजा आणि दुधात चांदीचे अंश.

त्यामुळे चांदीचं पाणी घरच्या घरी सडात सोडणं हा उपाय नाही, कृपया कोणी करू नका. चांदी वापरायचीच तर सडाच्या बाहेरच्या कातडीवर जास्त पटते, तिथे दूध आड येत नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास उघडं राहतं आणि जंतू तिथूनच आत जातात, म्हणून धारेनंतर लगेच सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतात, त्याच जागी चांदीचं द्रावण चालेल का हे तपासलं जातंय.