सॉफ्टवेअर सिंथेसायझर

संगणकावर चालणारे आणि आकडेमोडीतून ध्वनी निर्माण करणारे वाद्य. त्याला लाकूड, तार, कातडे काहीच नसते. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढाच निरोप त्याच्यापर्यंत पोहोचतो. त्यावरून ध्वनितरंगाचा एकेक बिंदू ते मोजून काढते. प्रत्यक्ष वाद्याचे आधी मुद्रित केलेले तुकडे वाजवणारे सॅम्पलर तत्त्वतः निराळे. पण स्टुडिओत बसणारी मंडळी दोन्हींना सरसकट ‘प्लगइन’ (मोठ्या प्रोग्रॅमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) किंवा, जोडणीच्या रीतीवरून, ‘व्हीएसटी’ म्हणतात आणि एकाच गाण्यात दोन्ही वापरतात, म्हणून इथे दोन्हींचा विचार केला आहे.

डिजिटल ध्वनीला सेकंदाला असे ४४,१०० किंवा ४८,००० बिंदू, म्हणजे नमुने, लागतात. सॉफ्टवेअर ते सुटे न देता गठ्ठ्याने देते. ४८,००० च्या दराने २५६ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे ५.३ सहस्रांश सेकंद. तेवढ्यात पुढचा गठ्ठा तयार झाला नाही, तर आवाजात टकटक आणि खरखर येते. गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा केला की संगणकाला उसंत मिळते, पण पट्टी दाबणे आणि स्वर निघणे यांत २१ सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सात मीटर जातो. आपलेच वाद्य खोलीच्या पलीकडून ऐकत ठेका धरायचा तर हात अडखळणारच. संगणकाच्या नेहमीच्या ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून थेट साउंड कार्डशी बोलणारी, स्टाइनबर्ग कंपनीची एएसआयओ पद्धत याच गरजेतून रुजली.

ध्वनी घडवण्याची सर्वांत रुळलेली रीत वजाबाकीची आहे. ऑसिलेटरमधून, म्हणजे लहर निर्माण करणाऱ्या भागातून, उपस्वरांनी (मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या वरच्या स्वरांनी) भरलेली करवती लहर काढायची, फिल्टरने तिचे वरचे उपस्वर कापायचे आणि स्वर कसा उठेल, कसा विरेल ते एन्व्हलपने ठरवायचे. विजेच्या मंडलात सहज निघणारी ही करवती लहर सॉफ्टवेअरमध्ये मात्र छळते. ४८,००० नमुन्यांच्या दरात २४,००० हर्ट्झपर्यंतचेच घटक मावतात. त्यावरचे नाहीसे होत नाहीत, दुमडून खाली येतात. ४०,००० हर्ट्झचा उपस्वर ८,००० वर ऐकू येतो, मूळ स्वराशी त्याचे काही नाते नसते आणि वरच्या सप्तकात सगळा आवाज कर्कश होतो. सुरुवातीच्या सॉफ्टवेअर वाद्यांना जाणकार नाके मुरडत, त्याचे हे एक ठोस कारण होते. निव्वळ जुन्याचा मोह नव्हे. दुसरी रीत एफएमची, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवण्याची. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग यांना ती १९६७ मध्ये सापडली, यामाहा कंपनीने परवाना घेऊन १९८३ मध्ये तिच्यावर डीएक्स-७ हा कीबोर्ड काढला. त्या कीबोर्डच्या टोनच्या फाइली आज डेक्स्ड हे मोफत प्लगइन उघडते.

१९८३ मध्येच केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेसाठी एक अफलातून सोपी युक्ती प्रसिद्ध केली. शंभरेक आकडे वाटेल तसे एका रांगेत भरायचे, रांग गोल फिरवत राहायची आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची. ४४,१०० च्या दराने शंभर आकड्यांची रांग सुमारे ४४० हर्ट्झचा स्वर देते. सुरुवातीची खरखर झपाट्याने विरते आणि मागे तारेचा झणकार उरतो. वाद्याचा आवाज साठवून न ठेवता वाद्याची हालचालच गणिताने वठवायची, या पद्धतीचे हे सर्वांत सुटसुटीत उदाहरण. तंबोऱ्याला मात्र ही युक्ती पुरत नाही. त्याची तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला पुन्हापुन्हा शिवते आणि दर स्पर्शाला उंच उपस्वर नव्याने जागे होतात. मिरजेचे कारागीर घोडी घासून आणि वादक तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी साधतात, ती हीच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास या घोडीच्या भौतिकशास्त्रावर लिहिले होते. संगणकावर ती उतरवायची, तर तार आणि घोडी यांची टक्कर प्रत्येक नमुन्याला नव्याने सोडवावी लागते. मुद्रित आवाजावर भागवणे त्यामुळे सोपे पडते. पण मुद्रित तंबोरा मूळ पट्टीपासून फार दूर नेला की त्याची जवारीही ताणली जाते आणि कानाला ते लगेच कळते.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये ‘म्यूझिक’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून निघालेली पहिली रचना १७ सेकंदांची होती. आकडेमोड न्यूयॉर्कमधल्या आयबीएम ७०४ वर करायची, चुंबकीय फीत न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत आणायची आणि तिथे आकड्यांचा आवाज करायचा, असा तो खटाटोप होता. मॅथ्यूज यांचे खरे देणे म्हणजे छोटे ठोकळे जोडून वाद्य बांधण्याची कल्पना. एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी १९८० च्या दशकात लिहिलेल्या सीसाउंड या प्रोग्रॅममध्ये ती आहे आणि आजच्या प्लगइनच्या पडद्यावरही तीच दिसते.

वाजवल्याबरोबर ऐकू येईल इतका वेग घरगुती संगणकांना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. १९९६ मध्ये बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने जनरेटर हे सॉफ्टवेअर वाद्य काढले. १९९७ मध्ये सीअर सिस्टिम्स कंपनीचे रिॲलिटी आले. त्यामागे मिडी संकेतांचे (इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना निरोप देण्याच्या भाषेचे) एक जनक डेव्ह स्मिथ होते. स्टाइनबर्गने व्हीएसटी ही जोडणीची रीत १९९६ मध्ये आणली होती. १९९९ मध्ये तिच्यात मिडीचे निरोप घेणारी वाद्येही बसू लागली आणि एकटादुकटा प्रोग्रॅमरसुद्धा वाद्य बनवून जगभर पोहोचवू लागला. १९९८ च्या गिगासॅम्पलरने स्वराची फक्त सुरुवात मेमरीत ठेवून उरलेला भाग हार्ड डिस्कवरून वाचण्याची सोय केली, तेव्हापासून मुद्रित तुकड्यांच्या लायब्ऱ्या फुगत गेल्या.

१९९७ चेच स्वीडिश सॉफ्टवेअर रीबर्थ हे रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचा सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (तालयंत्र) या यंत्रांची नक्कल होते. या यंत्रांचा मुंबईशी एक जुना दुवा आहे. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हीच दोन यंत्रे आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन राग वाजवले व त्यांची तबकडी काढली. शिकागोत टीबी-३०३ वर ॲसिड हाउस ही नृत्यसंगीताची शैली घडण्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. त्या वेळी तबकडीकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशी श्रोते चकित झाले.

भारतीय वाद्ये : १९८३ पासून रूढ झालेल्या मिडी संकेतांत स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा. पट्टी दाबली की तो सुरू, सोडली की बंद. पेटी या चौकटीत अगदी चपखल बसते, कारण ती मुळातच पट्ट्यांचे वाद्य आहे. गंमत अशी, की स्थिर स्वरांचा जो आक्षेप सॉफ्टवेअरवर घेतला जातो तोच पेटीवर घेतला गेला होता. नभोवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली. संगीत नाटकांनी मधल्या काळात पेटी सोडली नाही हा भाग वेगळा.

मींड, गमक, आंदोलन अशा स्वर सरकवण्या-हलवण्यासाठी मिडीत पिच बेंड (कीबोर्डवरच्या चाकाने स्वर वाकवणारा संकेत) आहे. पण सामान्यतः तो वर-खाली दोन अर्धस्वरांपुरता लावलेला असतो आणि त्या वाहिनीवरचे सगळे स्वर एकदम वाकवतो. पल्ला वाढवता येतो, तरी चाकावर अंगठा फिरवून काढलेली मींड सतारीच्या पडद्यावर तार खेचून काढलेल्या मींडेची बरोबरी करत नाही. खेचताना वाढणारा ताण टोनही बदलतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घिस्सा तर दोनदा सारखा येत नाही. सॅम्पलरमध्ये त्याचे आठ-दहा मुद्रित तुकडे आलटूनपालटून वाजवतात. ठेक्यात ते खपून जाते, लग्गीच्या जलद बोलांत उघडे पडते. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी मिळते, त्यामुळे एकाच बोटाखालचा स्वर वाकवता येतो. मात्र त्यासाठी तसा कीबोर्ड हवा आणि नव्याने रियाजही हवा.

हलगी, संबळ, ढोलकीचे लूप घेऊन एफएल स्टुडिओ या गाणी बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रिमिक्स बांधणाऱ्या डीजेंना ही अडचण फारशी जाणवत नाही. तिथे तुकडा मुळात माणसानेच वाजवलेला असतो आणि सॉफ्टवेअर तो फक्त कापते, जोडते. सर्ज, व्हायटल यांसारखी मोफत मिळणारी सिंथ आता विकतच्यांच्या तोडीची आहेत, त्यामुळे टोन मिळवणे हा प्रश्नच उरलेला नाही. गाण्याच्या पाठीमागचा व्हायोलिनचा ताफा आणि बेस संगणकातून घेणारे संगीतकारही बासरी किंवा सारंगीचा तुकडा आला की शक्यतो वादकालाच बोलावतात.