बंद डोळ्यांपुढची नक्षी

डिसेंबर 1958. चित्रकार ब्रायन गायसिन बसनं मार्सेलकडे निघाला होता. रस्त्याच्या कडेला झाडांची लांबच लांब रांग, झाडांआड मावळतीचा सूर्य. तो डोळे मिटून बसला होता आणि खोडांच्या फटींमधून सटकणारं ऊन त्याच्या पापण्यांवर उघडझाप करत होतं. एकाएकी मिटल्या डोळ्यांपुढे झगझगीत रंगांच्या नक्ष्या उसळायला लागल्या. झाडं संपली तशा त्याही विझल्या.

गायसिनला ते काही स्वस्थ बसू देईना. इयन समरव्हिल या गणित शिकलेल्या मित्राला हाताशी धरून त्यानं एक साधंसं यंत्र उभं केलं. 78 आरपीएमची रेकॉर्ड वाजवायची तबकडी, तिच्यावर खाचा पाडलेला पुठ्ठ्याचा नळा आणि नळ्याच्या आत टांगलेला बल्ब. तबकडी फिरली की सेकंदाला साधारण 8 ते 13 वेळा उजेड डोळ्यांवर येऊन जातो. समोर बसायचं आणि डोळे मिटून बघायचं. ड्रीममशीन या नावानं ही वस्तू कलेच्या इतिहासात जाऊन बसली.

सायकेडेलिक, म्हणजे भासांच्या अनुभवातून आलेल्या कलेची गोष्ट बहुतेक वेळा 1938 साली रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी बाझलच्या प्रयोगशाळेत एलएसडी हे भास घडवणारं रसायन बनवलं तिथून सुरू होते. मी मुद्दाम बसपासून सुरुवात केली, कारण बसमध्ये रसायन नव्हतं. होता तो फक्त लुकलुकणारा उजेड. तरी दिसलं ते बरंचसं तसंच.

हा तसेपणा जर्मनीत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ हाइनरिश क्लुव्हर यांनी 1920च्या दशकातच टिपला होता. पेयोटी या निवडुंगातल्या मेस्कलिनमुळे होणाऱ्या भासांची वर्णनं ते गोळा करत होते. कुणाला काय दिसेल याचा नेम नाही, असं वाटतं. पण वर्णनं शेजारी शेजारी ठेवल्यावर तेच ते चार आकार वर यायला लागले: जाळी किंवा मधाचं पोळं, कोळ्याचं जाळं, बोगदा आणि मळसूत्र. मायग्रेनच्या झटक्याआधी, ताप डोक्यात गेल्यावर, मिटल्या डोळ्यांवर बोटानं हलकासा दाब दिल्यावरही याच घराण्यातले आकार दिसतात. डोळ्यावरच्या दाबानं उमटणाऱ्या आकृत्या तर बोहेमियाचे यान पुर्किन्ये यांनी 1819 सालीच काढून ठेवल्या होत्या.

वाटा इतक्या निरनिराळ्या आणि मुक्काम एकच, म्हणजे मूळ मेंदूच्या जडणघडणीतच असणार. त्याचं गणित 1979 मध्ये बार्ड अर्मेंट्राउट आणि जॅक कोवन यांनी मांडलं, 2001 मध्ये कोवन आणि सहकाऱ्यांनी ते आणखी बारकाईनं केलं. मला हा या सगळ्या विषयातला सर्वात देखणा भाग वाटतो, त्यामुळे इथे जरा थांबतो.

डोळ्यांसमोरचं दृश्य मेंदूच्या मागच्या बाजूला, व्हिज्युअल कॉर्टेक्सवर, जसंच्या तसं उमटत नाही. नजरेच्या मधोमध येणाऱ्या चिमूटभर भागाला तिथे ऐसपैस जागा मिळते आणि कडेच्या मोठ्या पसाऱ्याला अंग चोरून बसावं लागतं. या ओढाताणीत डोळ्यांपुढची वर्तुळं कॉर्टेक्सवर जवळजवळ सरळ रेषा होऊन बसतात. आता हेच उलट्या बाजूनं वाचा. समोर काहीच नसताना कॉर्टेक्सवर आपोआप सरळ पट्टे उमटले, तर माणसाला एकात एक वर्तुळं दिसतील. पट्टे काटकोनात वळले तर मधून फुटणारे किरण दिसतील. तिरपे झाले तर मळसूत्र!

पण पट्टे उमटतील तरी का? कॉर्टेक्समधल्या शेजारी शेजारी असलेल्या पेशी एकमेकींना चेतवतात आणि जरा लांबच्या पेशींना दाबतात. एरवी याचा तोल सांभाळलेला असतो. लुकलुकत्या उजेडानं किंवा एखाद्या रसायनानं तो ढळला की सगळीकडे सारखी असलेली शांतता टिकत नाही आणि तिच्या जागी पट्टे किंवा षटकोन उभे राहतात. सजीवांच्या अंगावर ठिपके आणि पट्टे कसे उमटत असतील यासाठी अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये सुचवलेलं गणित याच जातीचं आहे. झेब्र्याच्या पाठीवर जे होतं, तेच काही क्षण आपल्या डोक्यात होतं म्हणा ना.

रसायनं हा तोल कुठे ढळवतात, याचाही बऱ्यापैकी माग लागला आहे. एलएसडी आणि काही अळंब्यांमधलं सिलोसायबिन मेंदूच्या पेशींवर सेरोटोनिन या निरोप्या रसायनासाठी असलेल्या एका विशिष्ट ग्राहीवर (रसायन जिथे चिकटतं त्या जागेवर), 5-एचटी2ए वर, जाऊन बसतात. 1998 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना आधी ही ग्राही अडवणारं औषध दिलं आणि मग सिलोसायबिन. भास झालेच नाहीत. 2016 मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या गटानं एलएसडी घेतलेल्या लोकांचे मेंदू स्कॅन केले. डोळे बंद असताना त्यांच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सचा मेंदूच्या बाकी भागांशी संवाद एरवीपेक्षा खूपच वाढलेला होता.

आता गॅलरीत शिरू. जपानी चित्रकार यायोई कुसामाच्या ठिपक्यांपुढे आणि जाळ्यांपुढे उभं राहिलं की क्लुव्हरची यादी आठवल्याशिवाय राहत नाही. लहानपणापासून होत आलेले भास हेच आपल्या कामाचं मूळ, असं ती सांगत आली आहे. भिंत, जमीन, स्वतःचं अंग, सगळ्यांवर एकच नक्षी पसरत जाते आणि आपण तिच्यात विरघळतो, असे ते भास. 1965 मध्ये तिनं पहिली आरशांची खोली केली. आरशासमोर आरसा ठेवला की ठिपका संपतच नाही, ही युक्ती पोरसवदा वाटते, पण आत उभं राहिल्यावर खोलीची कड कुठे आहे हे कळेनासं होतं.

उजेडातूनच कलाकृती घडवणाऱ्या जेम्स टरेलचा मार्ग याच्या अगदी उलटा. तो ठिपकेही काढून घेतो. त्याच्या गांझफेल्ड मालिकेतल्या खोल्यांमध्ये फक्त एकसारखा रंगीत उजेड असतो, कोपरा नाही की सावली नाही. नजरेला धरायला काहीच उरलं नाही की मेंदू स्वतःच्या पदरचं घालायला लागतो. धुकं दिसतं, अंतर कळत नाही. टरेल मानसशास्त्राचा पदवीधर आहे आणि गांझफेल्ड हा शब्दही त्यानं मानसशास्त्रातूनच उचलला. 1980 साली न्यूयॉर्कमधल्या त्याच्या प्रदर्शनात उजेडाला भिंत समजून टेकायला गेलेली एक बाई पडली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. कलाकृती परिणामकारक असल्याचा याहून रोकडा पुरावा कुठला?

म्युझिक व्हिडिओंबद्दल मात्र माझी थोडी कुरकुर आहे. रंग भडक केले, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू आरशासारख्या जोडल्या, वर धूर सोडला की झालं सायकेडेलिक, असा एक सोपा हिशोब तिथे चालतो. हा 60च्या दशकातून भाड्यानं आणलेला पोशाख आहे. त्या काळात मैफलींच्या मागच्या पडद्यावर हेच काम तेल, रंगीत पाणी, काचेच्या बशा आणि ओव्हरहेड प्रोजेक्टर यांच्या जोरावर चालायचं. बशी हलवणाऱ्याचा हात तालाबरोबर चालायचा आणि त्यातला प्रत्येक बुडबुडा खरा असायचा. टेम इम्पाला या बँडच्या 2012च्या एका व्हिडिओत असा खरेपणा आहे. प्लॅस्टिसिन या खेळायच्या मातीची हजाराहून जास्त चित्रं हातानं बनवून तो उभा केला आहे, आणि बोगद्यातून आत आत जाताना मातीवरचे बोटांचे ठसेसुद्धा जाणवत राहतात.

याहून जुनी आणि स्वस्त युक्ती म्हणजे व्हिडिओ फीडबॅक. क्वीन या बँडच्या 1975च्या गाजलेल्या व्हिडिओत एकच चेहरा मागे मागे जात रांगेनं उमटतो, तो कॅमेरा मॉनिटरकडे रोखून. मी हे घरी करून पाहिलं. फोनच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र लॅपटॉपवर लावलं आणि फोन त्याच पडद्याकडे वळवला. आधी चौकटीत चौकट, तिच्यात आणखी चौकट, असा सरळ बोगदा दिसला. फोन जरासा तिरका केला आणि बोगद्याला पीळ पडला. मध्ये बोट धरलं तर एक बोट आत आत फिरत गेलं, प्रत्येक फेरीत थोडं लहान, थोडं वळलेलं आणि थोडं उशिरानं. दर फेरीला ठरावीक प्रमाणात आकुंचन आणि ठरावीक कोनात वळण, यातून लॉगरिदमिक मळसूत्रच तयार होतं. मधल्या भागाला ऐसपैस आणि कडेला कमी जागा देणारा तो डोळ्यापासून कॉर्टेक्सपर्यंतचा नकाशाही लॉगरिदमचाच आहे. लॅपटॉपला काय त्याचं! पण पडद्यावरचा तो पीळ ओळखीचा वाटला खरा.

2015 साली गुगलमधल्या अलेक्झांडर मॉर्डविंटसेव्ह यांनी आणलेल्या डीपड्रीमनं वेगळंच दार उघडलं. चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवलेलं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा संगणक प्रोग्रॅम) त्यांनी उलटं चालवलं: तुला जे किंचितसं दिसतंय, ते चित्रात आणखी ठळक कर. मग ढगांना डोळे फुटले आणि डोंगरांना कुत्र्यांची तोंडं. इतकी कुत्री का? तर ज्या चित्रांवर ते शिकलं, त्यात कुत्र्यांच्या जातीच शंभराहून जास्त होत्या. म्हणजे भासातसुद्धा शिदोरी आधीच्या अनुभवाचीच.

ससेक्स विद्यापीठातल्या केइसुके सुझुकी, मेंदूशास्त्रज्ञ अनिल सेठ आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये हेच तंत्र व्हीआर चष्म्यात, म्हणजे डोळ्यांभोवती आभासी दृश्य दाखवणाऱ्या चष्म्यात, बसवलं. बघणाऱ्यांना झालेले दृश्यबदल सिलोसायबिन घेतलेल्यांच्या वर्णनांशी बऱ्यापैकी जुळले. वेळ ताणला जाणं किंवा आखडणं मात्र काही झालं नाही. डीपड्रीम सुचवतं की भास म्हणजे आधीच्या अपेक्षा अति प्रबळ होणं. उलट मेंदूशास्त्रज्ञ रॉबिन कारहार्ट-हॅरिस आणि कार्ल फ्रिस्टन यांनी 2019 मध्ये मांडलं की या रसायनांमुळे अपेक्षांची पकड सैल होते आणि खालून येणारी खळबळ वर उसळते. ही दोन चित्रं सहजी एकमेकांत बसत नाहीत, आणि वाद अजून मिटलेला नाही.

लुकलुकीचा खेळ सगळ्यांसाठी नाही. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा रंग सेकंदाला सुमारे 12 वेळा चमकला आणि सुमारे 685 जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यात बहुतेक मुलंच होती. प्रकाशामुळे फिट येण्याचा धोका असलेल्यांसाठी व्हिडिओच्या सुरुवातीला जी सूचना येते, ती म्हणूनच गांभीर्यानं घ्यायची.

2022 साली गायसिनच्या यंत्राची मोठी आवृत्ती लंडन, कार्डिफ, बेलफास्ट आणि एडिनबरामध्ये फिरली. अनिल सेठ त्यातही होते, संगीत जॉन हॉपकिन्सचं. फिटचा धोका असलेल्यांसाठी लुकलुकीशिवायचं, फक्त ऐकायचं वेगळं सत्र ठेवलेलं होतं. बाकीचे आडवे होऊन डोळे मिटायचे. बाहेर आल्यावर दिसलेलं काढून दाखवायला कागद आणि रंग होते. आत लावलेले दिवे मात्र नुसते पांढरे होते.