एंटरप्राइझ हार्ड डिस्क

एंटरप्राइझ हार्ड डिस्क : सर्व्हरमध्ये आणि सामाईक साठवण यंत्रणांत चोवीस तास चालावी म्हणून विकली जाणारी हार्ड डिस्क. तेवढ्याच क्षमतेच्या घरगुती डिस्कपेक्षा ती सहसा महाग असते. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचे लेबल लावून आलेली तर कित्येकदा दुपटी-तिपटीने. महाग असण्याचे कारण म्हणून बहुधा टिकाऊपणा सांगितला जातो. प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांचा त्याला फारसा आधार नाही.

हा भेद कधीपासून धरायचा, हे निकषावर ठरते. आयबीएमच्या १९५६ मधील ३५० या पहिल्या व्यापारी डिस्क यंत्रात २४ इंची ५० तबकड्या होत्या. तेव्हा घरगुती डिस्क हा प्रकारच नव्हता. सीगेट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीची ५ मेगाबाइटची ५.२५ इंची एसटी-५०६ (१९८०) छोट्या संगणकांत पोहोचली, तिथून काही जण फाळणी मोजतात. जोडणीवरून पाहिले तर ती त्याच दशकाच्या उत्तरार्धात पडते : सर्व्हरला स्कझी (प्रमाणक १९८६) ही जोडणी, घरच्या संगणकाला एटीए. १९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी मेनफ्रेमच्या (मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकाच्या) एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्कचा संच (रेड) वापरावा, असे मांडले. पुढे या संचांसाठीच वेगळ्या, महाग डिस्क विकल्या जाऊ लागल्या.

यंत्ररचनेतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो साधारण १९९६ ते २०१० या काळात. सीगेटची चीता मालिका १९९६ मध्ये मिनिटाला १०,००० आणि २००० मध्ये १५,००० फेऱ्यांवर गेली. त्या वेगाला मोठी तबकडी चालत नाही, म्हणून ३.५ इंची खोक्यात लहान व्यासाच्या तबकड्या, मजबूत मोटर आणि शीर्ष (तबकडीवर मजकूर वाचणारा-लिहिणारा भाग) हलवणारे जड चुंबक बसवत. क्षमता कमी आणि खर्च जास्त, हे तेव्हा उघड होते. अँडरसन, डाइक्स व रीडेल यांनी २००३ मध्ये दोन वर्गांतील फरक केवळ जोडणीचा नाही, हे याच आधारावर दाखवले. लेखक सीगेटमधले होते, हे ध्यानात ठेवून तो निबंध वाचावा. वेगाचे काम आता एसएसडीने (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर मजकूर ठेवणाऱ्या साधनाने) घेतले आहे. मोठ्या क्षमतेच्या डिस्क दोन्ही वर्गांत बहुधा ७,२०० फेऱ्यांच्याच असतात आणि आतला फरक पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे.

उरलेल्या फरकांत महत्त्वाचा आहे तो चूक-सुधारणेचा. एखादा सेक्टर (तबकडीवरील मजकुराचा छोटा ठरावीक तुकडा) वाचता आला नाही की घरगुती डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. त्यात मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. मजकुराची दुसरी प्रत कुठे नाही असे ती धरून चालते, आणि ते रास्तही आहे. संचात मात्र तोच मजकूर इतर डिस्कवरून मिळू शकतो. रेड कंट्रोलर (संच चालवणारे उपकरण) काही सेकंदच वाट पाहतो आणि उत्तर आले नाही तर चांगली डिस्कही बाद ठरवतो. म्हणून एंटरप्राइझ डिस्कचे फर्मवेअर (डिस्कच्या आतले सॉफ्टवेअर) साधारण ७ सेकंदांत हात टेकते आणि चूक कळवून मोकळे होते. थोडक्यात, इथे महाग डिस्क लवकर हार मानते. या सोयीला वेगळा माल लागत नाही.

शेजारच्या डिस्क आणि पंख्यांच्या कंपनाने शीर्ष मार्गावरून ढळू नये म्हणून कंपन-संवेदक लागतात. त्यांचा खर्च मात्र खरा आहे. एसएएस (स्कझीची पुढची जोडणी) डिस्कला दोन पोर्ट असतात, त्यामुळे एक कंट्रोलर बंद पडला तरी दुसऱ्याकडून ती वाचता येते. काही यंत्रणा ५१२ बाइटांच्या सेक्टरला पडताळणीचे ८ बाइट जोडून ५२० करतात.

न वाचता येणाऱ्या बिटांचे प्रमाण हा वादाचा मुद्दा आहे. माहितीपत्रकात घरगुती डिस्कसाठी १०० लाख कोटी बिटांमागे (सुमारे १२.५ टेराबाइट) एक चूक, एंटरप्राइझ साटासाठी (साटा म्हणजे एटीएची पुढची जोडणी) त्याच्या दहापट आणि एसएएससाठी बहुधा शंभरपट बिटांमागे एक चूक, असे आकडे असतात. त्यावरून मोठा संच पुन्हा उभारताना चूक होणारच, असे गणित मांडले जाते. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, मोजमापाचे नव्हेत. त्यामुळे ते गणित शब्दशः घेऊ नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

माहितीपत्रकातला बिघाडांमधील सरासरी काळ २५ लाख तास, म्हणजे एक डिस्क २८५ वर्षे चालेल असे नव्हे. वर्षाला सुमारे ०.३५ टक्के डिस्क बिघडतील, एवढाच त्याचा अर्थ. श्रोडर व गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रके जास्तीत जास्त ०.८८ टक्के सांगत होती. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे सर्रास आढळले, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. साटापेक्षा स्कझी टिकाऊ ठरते, असे त्यातून दिसले नाही. बॅकब्लेझ या ऑनलाइन साठवणसेवा देणाऱ्या कंपनीने २०१३ मध्ये एंटरप्राइझ डिस्कचे वार्षिक बिघाड ४.६ आणि घरगुतीचे ४.२ टक्के दिले, पण तिच्याकडील एंटरप्राइझ डिस्क संख्येने फार थोड्या होत्या आणि त्यांचे कामही वेगळे होते.

तेव्हा किमतीचा मोठा भाग सेवेचा मानावा : घरगुतीला बहुधा २ वर्षे तर हिला ५ वर्षांची वॉरंटी; वर्षाला ५५ ऐवजी ५५० टेराबाइटपर्यंत वापराची मुभा; सर्व्हर कंपनीने करून घेतलेल्या चाचण्या आणि तिचे स्वतःचे फर्मवेअर; शिवाय काही वर्षांनीही तोच भाग काही तासांत जागेवर पोहोचवण्याचा करार. मोठे ग्राहक छापील किमतीत डिस्क घेत नाहीत. २०११ च्या थायलंडमधील पुरानंतर सुट्या डिस्क महागल्या, तेव्हा बॅकब्लेझने बाह्य डिस्कची प्लास्टिकची खोकी फोडून आतला माल वापरला होता.

एसएसडीमध्ये किमतीचे कारण बरेचसे सुट्या भागांत दिसते : वीज गेल्यावर हातातले लेखन पुरे करणारे कपॅसिटर आणि झीज भरून काढायला राखून ठेवलेली जादा मेमरी. जेडेक या चिप उद्योगाच्या प्रमाणक-संस्थेच्या प्रमाणकानुसार लेखनाची आयुर्मर्यादा गाठलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३०° से. तापमानात १ वर्ष मजकूर जपायचा असतो. एंटरप्राइझ एसएसडीने ४०° से. तापमानात ३ महिने.