होणे आणि जाणे: परिवर्तनाची कविता व अनित्यतेची कविता

समकालीन कवितेविषयी लिहिताना ‘परिवर्तन’ आणि ‘अनित्यता’ हे शब्द बहुधा जोडीनेच येतात, कारण गळणारी पाने, वाहती नदी, रिकामी खोली ही सामग्री दोन्हीकडे सारखीच असते. प्रतिमा सारख्या असल्या, तरी क्रियापदे वेगळी असतात. परिवर्तनाची कविता ‘होणे’वर उभी राहते, तर अनित्यतेची ‘जाणे’वर. (‘असा एक माणूस होऊन गेला’ असे म्हणताना मराठी दोन्ही क्रियापदे सहज एकत्र बांधते, तेव्हा वाचकाचा गोंधळ क्षम्य मानावा.) पहिल्या प्रकारात बदल सोसून, पूर्वीचे आठवत ‘मी’ म्हणणारे कोणीतरी शिल्लक असावे लागते, नाहीतर बदल झाला हे सांगणार कोण? दुसऱ्या प्रकाराला असा साक्षीदार लागतोच असे नाही, आणि असला तरी तोही जाणाऱ्यांपैकीच एक असतो.

अमेरिकी कवी डब्ल्यू. एस. मर्विन यांच्या ‘द लाइस’ (१९६७) या संग्रहात स्वतःच्या मृत्युदिनाविषयी एक कविता आहे. आपल्या मरणाची तारीख दरवर्षी आपल्या नकळत येऊन जाते, ही तिची मूळ कल्पना. तिच्यातला ‘मी’ शहाणा होत नाही की सावरत नाही. तीन दिवसांच्या पावसानंतर तो एका चिमुकल्या पक्ष्याचे गाणे ऐकतो आणि नमतो, पण कशापुढे, हे त्याला ठाऊक नसते. अशा कवितेतून जगण्याचा धडा काढणारी समीक्षा मला कवितेवर अन्याय करणारी वाटते.

याउलट अमेरिकी कवयित्री लुईस ग्लिक यांच्या ‘द वाइल्ड आयरिस’च्या (१९९२, पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक) शीर्षककवितेत फूलच बोलते. अंधाऱ्या मातीत गाडले गेल्यावरही जाणीव कशी टिकून राहिली, ते सांगते. मध्ये मरणाएवढा खंड पडूनही बोलणारे तेच असते, म्हणून ही परिवर्तनाची कविता. मात्र तोच संग्रह उन्हाळ्याच्या अखेरीकडे सरकतो, तसा बागेत राबणाऱ्या माणसांचा प्रश्न वर येतो: फुलांचे जगणे वर्तुळाकार असते, माणसाचे नसते. एकाच बागेत फुलाच्या वाट्याला ‘होणे’ येते आणि माळ्याच्या वाट्याला ‘जाणे’.